बाळाच्या श्वासमार्गातील जन्मजात दोष: शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर पालकांनी काय करावे

बाळाच्या श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तो श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना, हे आधी नीट ऐकावे. आत घेतानाचा आवाज बहुधा स्वरयंत्राजवळचा अडथळा सुचवतो, बाहेर सोडतानाचा आवाज छातीतील श्वासनलिकेचा. बाळाचे अंगडे काढून, गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा प्रत्येक श्वासाला कशी आत ओढली जाते हे दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ झोपेत, दूध पिताना आणि रडताना घ्यावा, कारण तपासणीच्या वेळी बाळ नेमके शांत असते. मात्र बाळ निळे पडत असेल, श्वास मध्येच थांबत असेल किंवा धाप लागून दूध ओढता येत नसेल, तर व्हिडिओसाठी क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

अशा आवाजाचे सर्वांत सामान्य कारण लॅरिंगोमलेशिया, म्हणजे स्वरयंत्राच्या वरच्या भागाचा मऊपणा. बहुतेक मुलांत तो दीड-दोन वर्षांत आपोआप कमी होतो. वजन वाढत नसेल किंवा ऑक्सिजन कमी पडत असेल, तरच सैल ऊती कापून वाट मोकळी करणारी सुप्राग्लॉटोप्लास्टी विचारात घेतात. स्वरयंत्राखालच्या अरुंदपणाची गोष्ट वेगळी आहे: ४ मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर उरलेली वाट क्षेत्रफळाने एक चतुर्थांशच राहते, आणि म्हणूनच साधी सर्दीही अशा बाळाला जड जाते. तिथे बरगडीची कूर्चा बसवून वाट रुंद करता येते. श्वासनलिकेची कडी पूर्ण गोल असतील, तर स्लाइड ट्रॅकिओप्लास्टी, म्हणजे नलिका आडवी कापून तिचे दोन भाग एकमेकांवर सरकवून जोडण्याची शस्त्रक्रिया, करतात.

शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी दुर्बिणीने संपूर्ण श्वासमार्ग पाहिला आहे का, हे आवर्जून विचारावे. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वरचा दोष दुरुस्त झाल्यावर खालचा दुसरा दोष उघडा पडला, तर बाळाला पुन्हा भूल द्यावी लागते. महाधमनीची कमान श्वासनलिकेला वेढत असल्याची शंका असेल, तर रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफीही लागते. भुलेपूर्वी पोट रिकामे ठेवण्याचे तास (आईच्या दुधासाठी सामान्यतः ४, वरच्या दुधासाठी ६) भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावेत. बाळाला सर्दी किंवा ताप असल्यास तो लपवू नये.

ट्रॅकिओस्टोमी, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवणे, करावी लागली, तर घरी जाण्यापूर्वी किमान दोघांनी नळी बदलणे आणि सक्शन (नळीतला कफ ओढून काढणे) स्वतःच्या हाताने करून शिकावे. त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दुसरी नळी, कात्री व नळी गळ्याला बांधायची पट्टी एका पिशवीत भरून ती बाळाबरोबर सतत ठेवावी. पट्टी बदलताना एकाने नळी बोटांनी धरून ठेवावी आणि नवी पट्टी बांधून होईपर्यंत सोडू नये. नळी असताना रडण्याचा आवाज बहुधा ऐकू येत नाही, त्यामुळे रात्री कुणीतरी बाळाच्या नजरेच्या अंतरावरच झोपावे.