व्हेक्टरमधली किंमत वाचायची कशी, बदलायची कशी (स्कीम आणि रॅकेटसाठी)

लिस्प हे प्रोग्रॅमिंग भाषांचं एक कुटुंब, स्कीम आणि रॅकेट त्यातल्याच. लिस्पमध्ये सगळं काम लिस्टवरच चालतं असं पुष्कळांना वाटतं. पण लिस्टमधला शंभरावा घटक हवा असेल तर आधीचे नव्याण्णव ओलांडावे लागतात. व्हेक्टरमध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या जागांच्या ओळीत, कुठलाही घटक थेट हाती येतो, पहिला काय नि शंभरावा काय, वेळ तेवढाच. त्या बदल्यात लांबी कायमची ठरलेली असते.

टाइप करण्याआधी एक सूचना. इथला कोड देवनागरीत लिहिला आहे. भाषेचे स्वतःचे शब्द (डिफाइन, लेट, व्हेक्टर-रेफ वगैरे) आणि सगळे अंक मात्र रोमन लिपीतच टाइप करा. तुम्ही ठेवलेली चलांची नावं रॅकेट किंवा गाइलमध्ये (गाइल ही स्कीमचीच एक आवृत्ती) देवनागरीत चालतात, अंक चालत नाहीत. देवनागरी २ हा तिथे आकडा न ठरता एखाद्या चलाचं नाव समजला जातो आणि ‘असं चल नाही’ अशी एरर येते.

पायरी १ : व्हेक्टर बनवा

उदाहरणाला बारा महिन्यांचे दिवस घेऊ.

(डिफाइन दिवस (व्हेक्टर ३१ २८ ३१ ३० ३१ ३० ३१ ३१ ३० ३१ ३० ३१))

रिकाम्या जागा हव्या असतील तर (मेक-व्हेक्टर १२ ०) लिहा. शेवटचं शून्य गाळू नका. गाळलंत तर आत काय असेल हे स्कीमचं मानक ठरवून देत नाही.

पायरी २ : वाचा

(व्हेक्टर-रेफ दिवस १)

उत्तर २८. फेब्रुवारी दुसरा महिना, पण मोजणी शून्यापासून असल्याने त्याचा क्रमांक १. डिसेंबरचा ११. तिथे १२ दिलात की क्रमांक मर्यादेबाहेर गेल्याची एरर येते. महिन्याचा नेहमीचा क्रमांक हाताशी असेल तर दर वेळी मनात वजाबाकी करण्यापेक्षा ती कोडमध्येच लिहा: (व्हेक्टर-रेफ दिवस (- महिना १)). एकूण घटक (व्हेक्टर-लेंग्थ दिवस) सांगतं.

पायरी ३ : बदला

(व्हेक्टर-सेट! दिवस १ २९)

शेवटचं उद्गारचिन्ह हा नावाचाच भाग आहे. मूळ वस्तूतच बदल होतोय, याची ती खूण. या क्रियेच्या उत्तरावर विसंबू नका. (डिफाइन दिवस (व्हेक्टर-सेट! दिवस १ २९)) असं रॅकेटच्या प्रॉम्प्टवर (जिथे एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर मिळतं) लिहिलंत तर आतला बदल होतो खरा, पण ‘दिवस’ या नावाला व्हेक्टरऐवजी निरर्थक किंमत चिकटते. पुढच्याच ओळीत व्हेक्टर-रेफ तक्रार करतं, आणि चूक शोधणारा त्या निरपराध ओळीकडे बघत बसतो.

दोन घटकांची अदलाबदल करताना पहिला आधी जपून ठेवा:

(लेट ((जुना (व्हेक्टर-रेफ दिवस ०)))
  (व्हेक्टर-सेट! दिवस ० (व्हेक्टर-रेफ दिवस ३))
  (व्हेक्टर-सेट! दिवस ३ जुना))

बदल चुकतो तो इथे

व्हेक्टर-सेट! शिकायला दोन मिनिटं लागतात. खरा घोळ होतो तो आपण नेमका कुठला व्हेक्टर बदलतोय हे न पाहिल्याने.

समजा २०२४ साठी वेगळा व्हेक्टर हवा म्हणून तुम्ही (डिफाइन लीप दिवस) लिहिलं आणि ‘लीप’मध्ये फेब्रुवारी २९ केला. आता ‘दिवस’मध्येही २९ दिसेल आणि २०२५ चा हिशोब एका दिवसाने चुकेल. डिफाइनने प्रत झालीच नाही, एकाच व्हेक्टरला दोन नावं मिळाली. प्रत हवी तर (डिफाइन लीप (व्हेक्टर-कॉपी दिवस)) लिहा.

दुसरी जागा म्हणजे '#(३१ २८ ३१) असं थेट लिहिलेला व्हेक्टर. तो स्थिर मानला जातो. रॅकेट त्यात बदल करू देत नाही, एरर देतं. बदलायचा असेल तर ‘व्हेक्टर’ हा शब्द वापरूनच बनवा, नाहीतर आधी प्रत काढा.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा:

(डिफाइन जाळी (मेक-व्हेक्टर ३ (मेक-व्हेक्टर ३ ०)))

तीन ओळींची जाळी वाटते, पण आतला व्हेक्टर एकदाच बनतो आणि तिन्ही जागा त्याच्याकडेच बोट दाखवतात. एका ओळीत ५ ठेवा, तिन्ही ओळींत ५ दिसेल. इथे व्हेक्टर-कॉपीही कामाला येत नाही, कारण ती फक्त वरच्या थराची प्रत काढते. प्रत्येक ओळ वेगळी बनवावी लागते:

(डू ((क्र ० (+ क्र १))) ((= क्र ३))
  (व्हेक्टर-सेट! जाळी क्र (मेक-व्हेक्टर ३ ०)))

इतर लिस्पमध्ये

कॉमन लिस्पमध्ये वाचायला एरेफ आणि बदलायला (सेटएफ (एरेफ दिवस १) २९). वाढणारा व्हेक्टरही तिथे मिळतो: फिल-पॉइंटर आणि ॲडजस्टेबल हे पर्याय देऊन मेक-ॲरेने बनवा आणि व्हेक्टर-पुश-एक्स्टेंडने भर घाला. नुसतं व्हेक्टर-पुश जागा संपल्यावर गुपचूप निल (म्हणजे ‘काही नाही’) परत देतं, म्हणून ते टाळलेलं बरं. ईमॅक्स लिस्पमध्ये बदलासाठी एसेट आहे. क्लोजरचा व्हेक्टर बदलतच नाही. तिथे (असोक दिवस १ २९) नवा व्हेक्टर देतं, आणि तो नाव देऊन धरून ठेवला नाही तर केलेलं काम वाया जातं.