जम बसलेला असताना नव्याने उमेदवारी करायची असेल तर

ज्याची नोकरी गेली, त्याला दुसरा मार्ग शोधावाच लागतो आणि त्याचे कारण त्याला कोणी विचारत नाही. पण ज्याला हुद्दा आहे, नाव आहे आणि महिन्याच्या महिन्याला चांगला पगार आहे, अशा माणसाने चाळिशीच्या पुढे वेगळे काही करायचे म्हटले की घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारतात, ‘‘काय कमी आहे?’’ या प्रश्नाला सर्वांना पटेल असे उत्तर बहुधा नसते आणि ते शोधण्यात वर्षे घालवण्यातही अर्थ नसतो. काहीही कमी नसताना बदल करणाऱ्याला तयारी मात्र गरजूपेक्षा जास्त करावी लागते, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे पुष्कळ असते.

या संदर्भात डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण हमखास दिले जाते आणि ते बहुतेक वेळा अर्धेच सांगितले जाते. नाक, कान व घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी 1969 साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट व्हायचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी ते ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर म्हणून उभे राहिले, एवढेच ऐकले तर ती एका रात्रीत घेतलेल्या धाडसी निर्णयाची गोष्ट वाटते. वस्तुस्थिती अशी की वैद्यकीय शिक्षण चालू असल्यापासून ते नाटकांत काम करत होते. भालबा केळकर आणि इतर मित्रांसह त्यांनी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था उभी केली होती, आणि पुण्यात व पुढे टांझानियातील टबोरा येथे वैद्यकी करतानाही नाटकाचा ध्यास सुटलेला नव्हता. म्हणजे 1969 साली त्यांची उमेदवारी सुरू झाली नाही. ती जवळपास दोन दशकांनंतर त्या वर्षी संपली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

म्हणून पहिले काम म्हणजे आपली उमेदवारी किती झाली आहे, हे प्रामाणिकपणे मोजणे. नव्या क्षेत्राविषयी वाचणे, व्याख्याने ऐकणे आणि मित्रांशी त्यावर तासन्‌तास बोलणे ही उमेदवारी नव्हे. ज्या कामासाठी अनोळखी माणसाने पैसे दिले, किंवा ज्यातील चुका त्या क्षेत्रातल्या जाणकाराने तोंडावर दाखवल्या, तेवढेच हिशेबात धरावे. हे काम करताना आपला सध्याचा हुद्दा शक्यतो सांगू नये. मोठ्या साहेबांच्या हौसेचे कौतुक सगळेच करतात आणि त्या कौतुकाइतकी दिशाभूल दुसरे काहीच करत नाही. असे एक-दीड वर्ष संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम केल्यावरही ओढ टिकली, तरच पुढच्या तयारीला लागावे. मात्र असे काम सुरू करण्याआधीच नेमणूकपत्रातील अटी वाचाव्यात, कारण नोकरीत असताना दुसरे उत्पन्न मिळवण्यावर अनेक ठिकाणी बंदी असते.

पैशाची तयारी म्हणजे केवळ दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवणे नव्हे, तरी तो ठेवावाच लागतो. अधिक फसगत होते ती पगारासोबत गुपचूप मिळणाऱ्या गोष्टींमुळे. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा सामान्यतः नोकरीबरोबर संपतो. नवा वैयक्तिक विमा घेतला, तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त 36 महिन्यांची प्रतीक्षा लावू शकते. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने राजीनाम्याचा विचार मनात आला त्याच वर्षी स्वतःचा विमा घ्यावा. गृहकर्ज घ्यायचे असल्यास ते पगाराच्या चिठ्ठ्या हातात असतानाच घ्यावे, कारण स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका साधारणपणे मागील दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागतात आणि नवख्याकडे ती नसतात. सध्याच्या कंपनीत ग्रॅच्युइटीसाठी लागणारी 5 वर्षे भरायला थोडे महिने उरले असतील, तर तेवढे थांबण्यात कमीपणा नाही. भविष्यनिर्वाह निधीला शक्यतो हात लावू नये. सलग 5 वर्षांची सेवा होण्यापूर्वी काढलेली रक्कम सामान्यतः करपात्र ठरते, आणि त्यानंतर काढली तरी ती म्हातारपणाची पुंजी असते.

एवढी व्यवस्था झाल्यावरही जे अवघड जाते, त्यासाठी कोणतीही तरतूद करून ठेवता येत नाही. काल ज्याच्या सहीवाचून काम अडत होते, त्याला आज पंचवीस वर्षांच्या मुलाकडून चुका दुरुस्त करून घ्याव्या लागतात. इथे पुष्कळ कर्तबगार माणसे डगमगतात आणि न कळत स्वतःला शिकाऊ ऐवजी सल्लागार म्हणवू लागतात. माझ्या मते हा सर्वांत मोठा धोका आहे. त्यावर उपाय एवढाच की पहिली दोन वर्षे ‘‘आमच्याकडे असे करत असत’’ हे वाक्य उच्चारायचे नाही. जुने ज्ञान वाया जात नाही, पण त्याचा उपयोग नव्या क्षेत्रातील माणसांनी मागितल्यावरच होतो. अमोल पालेकर यांनी जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. बँकेतील नोकरी, ‘रजनीगंधा’पासूनची (1974) लोकप्रियता आणि 1981 सालच्या ‘आक्रीत’पासूनचे दिग्दर्शन एवढा प्रवास करून ते पुन्हा चित्रकलेकडे वळले, तेव्हा चित्रकाराची नजर मधल्या काळात कुठे हरवली नव्हती.

राजीनामा देताना जुन्या ठिकाणचे दोष मोजून दाखवू नयेत; सूचनाकाळ पूर्ण करावा आणि हातातील कामे नीट सोपवावीत, कारण नव्या व्यवसायातील पहिले काम अनेकदा जुन्या सहकाऱ्यांच्या शब्दावरच मिळते. त्याच आठवड्यात जोडीदाराबरोबर बसून दीड वर्षानंतरची एक तारीख ठरवावी. किती शिल्लक असेल तर पुढे जायचे आणि कितीच्या खाली गेली तर पुन्हा नोकरी शोधायची, हे आकडे त्या दिवशीच कागदावर लिहून कपाटात ठेवावेत, म्हणजे ती तारीख आल्यावर वाद भावनेवर न होता त्या कागदावर होईल.