फॉन्टफोर्जमध्ये आपला स्वतःचा कॉपी-पेस्ट: अँकर आणि दंडामागची जागा उचलणारी छोटी स्क्रिप्ट

देवनागरी फॉन्ट करणाऱ्याला कंट्रोल-सी कंट्रोल-व्ही पुरत नाही. आपल्याला प वरचा फक्त अनुस्वाराचा अँकर, म्हणजे वरची खूण कुठे बसायची ते सांगणारा बिंदू, उचलून ब, म, य, ष वर ठेवायचा असतो, आणि साधा पेस्ट मारला की अख्खा प च तिथे येऊन बसतो, आधी काढलेलं अक्षर गायब. मग लोक काय करतात, एकेका ग्लिफमध्ये, म्हणजे फॉन्टमधल्या एकेका अक्षराकृतीत, जाऊन अँकर हाताने ओढत बसतात. सांगलीत फ्लेक्सवाल्यांसाठी आणि पत्रिकावाल्यांसाठी जे डिस्प्ले फॉन्ट आम्ही करतो त्यात जोडाक्षरं धरून ग्लिफ शेकड्यात जातात, तिथे हे काम हाताने करणं म्हणजे नुसता वैताग.

हे सगळं फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरवर सांगतोय, कारण ते फुकट आहे, विंडोज-लिनक्स-मॅक सगळीकडे चालतं आणि त्यात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत बसवलेलीच आहे. ग्लिफ्स ॲप नावाचं दुसरं सॉफ्टवेअर भारी आहे, त्यातही पायथन आहे, पण त्याला मॅक लागतो.

स्क्रिप्ट लिहायच्या आधी एडिट मेनू एकदा नीट वाचा. कॉपी रेफरन्स आहे, कंट्रोल-जी, म्हणजे आउटलाइनची नक्कल न करता मूळ ग्लिफशी जोडलेली प्रत मिळते, मूळ बदललं की तीही बदलते, जोडाक्षरांना हेच वापरा. कॉपी विड्थ आहे, विड्थ म्हणजे आजूबाजूच्या जागेसकट अक्षराची एकूण रुंदी. पेस्ट इनटू आहे, कंट्रोल-शिफ्ट-व्ही, ते आधीचं न पुसता वर भर घालतं. एवढ्यात भागत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, खरंच.

भागत नाही ते दोन ठिकाणी. एक अँकर, ते वर सांगितलं. दुसरं म्हणजे अक्षराच्या उजवीकडची जागा. कॉपी आरबेअरिंग नावाची कमांड आहे पण ती बेअरिंग मोजते अक्षराच्या सगळ्यात उजव्या टोकापासून, आणि देवनागरीत ते टोक म्हणजे शिरोरेषा! शिरोरेषा तर आपण मुद्दाम विड्थच्या काठापर्यंत किंवा थोडी बाहेरच काढतो, पुढच्या अक्षराला चिकटावी म्हणून. म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशोबात सगळ्या अक्षरांचं उजवं बेअरिंग जवळपास शून्य, आणि डोळ्याला दिसणारी जागा, म्हणजे उभा दंड संपल्यापासून विड्थच्या काठापर्यंतची, ती कुणी मोजतच नाही. ती आपल्याला मोजायला लागते.

आता लिहायला बसू. नावं मी देवनागरीत देतोय, तुम्ही एडिटरमध्ये ती रोमनमध्येच टाइप करणार, फक्त लक्षात ठेवा की जिथे दोन-तीन शब्द जोडून एक नाव झालंय तिथे पहिला शब्द स्मॉल आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मध्ये स्पेस नाही. यात चुकलं तर पायथन सरळ एरर देतो.

एक फाइल करा, सुरुवातीला फॉन्टफोर्ज इंपोर्ट करा आणि खाली एक रिकामी डिक्शनरी (पायथनमध्ये नावानिशी माहिती साठवायची जागा) ठेवा, तिला डबा म्हणा नाहीतर काहीही म्हणा. हाच आपला क्लिपबोर्ड. सिस्टिमच्या क्लिपबोर्डला हात लावायचा नाही, म्हणजे नेहमीचा कॉपी-पेस्ट जसाच्या तसा चालू राहतो, आणि मध्येच व्हॉट्सॲपवरचा मजकूर कॉपी केला म्हणून आपले अँकर उडत नाहीत.

मग दोन फंक्शन, उचल आणि ठेव. दोन्ही फंक्शनला दोन गोष्टी मिळतात, आधी डेटा आणि मग फॉन्ट, कारण मेनूतून चालवल्यावर फॉन्टफोर्ज त्याच क्रमाने देतो.

उचलमध्ये फॉन्टच्या सिलेक्शनचं बायग्लिफ्स घेऊन त्याची लिस्ट करा. लिस्टमध्ये एकापेक्षा जास्त ग्लिफ असतील तर पोस्टनोटिसने मेसेज दाखवून तिथेच थांबा, कारण कुठल्याचा अँकर उचलायचा हे स्क्रिप्टला कळणार नाही. एकच असेल तर त्याचे अँकरपॉइंट्स वाचा. तो टपल असतो, म्हणजे क्रमाने ठेवलेल्या गोष्टींची यादी, आणि आतल्या प्रत्येक टपलात क्रमाने अँकर क्लासचं नाव (अँकर कुठल्या खुणेसाठी आहे तो गट), प्रकार, एक्स आणि वाय. यातले ज्यांचा प्रकार बेस, म्हणजे खूण अंगावर घेणाऱ्या अक्षराचा, आहे तेवढेच डब्यात घ्या. ही गाळणी विसरू नका, कारण चुकून अनुस्वाराचाच ग्लिफ सिलेक्ट झाला तर त्याच्यावर मार्क प्रकारचा, म्हणजे खुणेचा स्वतःचा, अँकर असतो आणि तो व्यंजनांवर जाऊन बसला की सगळा गोंधळ. अँकरसोबत ग्लिफची विड्थ आणि फॉन्टचा ईएम (फॉन्टमधले आकडे ज्या मापाच्या चौकटीत मोजतात तिचा आकार) हेही डब्यात टाका, पुढे लागतात.

ठेवमध्ये सिलेक्ट केलेल्या प्रत्येक ग्लिफवर फिरायचं. सगळ्यात पहिली ओळ प्रिझर्व्हलेयरॲजअनडू. पायथनमधून केलेल्या बदलांना फॉन्टफोर्ज स्वतःहून अनडू ठेवत नाही, ही ओळ नसेल तर कंट्रोल-झेड दाबून काही परत येणार नाही. मग एक्सचा हिशोब, नवा एक्स म्हणजे जुना एक्स अधिक या ग्लिफची विड्थ वजा मूळ ग्लिफची विड्थ. वाय तसाच. म्हणजे समजा प ची विड्थ 600 आणि अँकर 520 वर, तर 700 विड्थच्या अक्षरावर तो 620 वर बसेल, उजव्या काठापासूनचं अंतर तेच, 80. खऱ्या कामाचं हेच आहे, कारण ख ग घ च त थ न प ब म य व श ष स या सगळ्यांचा दंड उजवीकडे असतो आणि वरची खूण त्या दंडाशी बांधलेली असते, डाव्या बाजूशी नाही. नंतर ग्लिफच्या आधीच्या अँकरांतले ज्यांचं क्लासनाव आपल्या डब्यात नाही ते राखायचे, त्यात नवे मिळवायचे, आणि ती अख्खी लिस्ट परत अँकरपॉइंट्सला द्यायची. एकेक ॲड करत बसण्यापेक्षा हे बरं, जुना-नवा अँकर दोन्ही राहिलेत का ही शंकाच राहत नाही.

क आणि फ चा दंड मध्ये, ट ठ ड ढ द ह ळ ला तर शेवटी पूर्ण दंडच नाही. त्यांना हे गणित लावू नका. ट वरून उचला आणि ट च्या भाऊबंदांवर ठेवा, क वरून फ वर. मी सुरुवातीला एकच हुशार फॉर्म्युला शोधावा म्हणणाऱ्यातला होतो, पण गट पाडून उचल-ठेव करणं जास्त लवकर होतं, आणि हवं तर ठेवची दुसरी कॉपी करून त्यात एक्स विड्थच्या प्रमाणात काढा.

आता दंडामागची जागा. यासाठी वेगळी जोडी लिहा. ग्लिफच्या फोरग्राउंड लेयरवर, म्हणजे जिथे अक्षर प्रत्यक्ष काढलेलं असतं तिथे, एक्सबाउंड्सॲटवाय नावाचं फंक्शन आहे, त्याला खालचा आणि वरचा वाय दिला की तेवढ्या पट्ट्यात आउटलाइन डावीकडे कुठपर्यंत आणि उजवीकडे कुठपर्यंत जाते ते दोन आकडे देतं. पट्टा शिरोरेषेच्या बराच खाली घ्या, शिरोरेषा 620 ला सुरू होत असेल तर 200 ते 400 घेतला तरी चालेल. उचलताना विड्थ वजा उजवा आकडा, झाली आपली जागा. ठेवताना समोरच्या ग्लिफचा उजवा आकडा अधिक ती जागा, आणि ते त्याच्या विड्थला द्या. पट्ट्यात काहीच नसेल तर नन (पायथनमधलं 'काही नाही') येतं, तेव्हा तो ग्लिफ सोडून द्या. रेफरन्सने बनलेले ग्लिफही असेच सुटतील, कारण फोरग्राउंडमध्ये फक्त स्वतःचे कॉंटूर, म्हणजे तिथेच काढलेल्या रेषा, असतात. आणि हो, विड्थ बदलली म्हणून शिरोरेषा आपोआप लांबत नाही, ती नंतर बघायला लागते.

आधी फाइल मेनूतल्या एक्झिक्यूट स्क्रिप्टमध्ये छोटे तुकडे चालवून बघा. नीट चाललं की ती फाइल फॉन्टफोर्जच्या कॉन्फिग फोल्डरातल्या पायथन फोल्डरात टाका, लिनक्सवर तो होमच्या आत डॉट-कॉन्फिगमध्ये फॉन्टफोर्ज नावाने असतो. फाइलच्या शेवटी प्रत्येक फंक्शनसाठी रजिस्टरमेनूआयटम, त्यात क्रमाने फंक्शन, एनेबल फंक्शन, डेटा, विंडोचं नाव, शॉर्टकट आणि मेनूत दिसायचं नाव. एनेबल, डेटा आणि शॉर्टकटला सध्या नन द्या, विंडोच्या जागी फॉन्ट लिहा, एफ कॅपिटल. प्रोग्रॅम परत चालू केला की टूल्स मेनूत तुमची नावं दिसतील. शॉर्टकट देताना कंट्रोल-व्ही वर डल्ला मारू नका, चार दिवसांनी दुसरं कोणी त्या मशीनवर बसलं की शिव्या घालेल.

रेग्युलरवरून बोल्डवर न्यायचं असेल तर डबा तोच चालतो, दोन्ही फाइल एकाच वेळी उघड्या ठेवा. फक्त बोल्डमध्ये त्याच नावाचे अँकर क्लास आधी करून ठेवलेले असले पाहिजेत, नाहीतर एरर. आणि एक फॉन्ट 1000 ईएमचा आणि दुसरा 2048 चा असेल तर डब्यातले सगळे आकडे नव्या ईएमला जुन्याने भागून येणाऱ्या पटीने गुणा, विड्थसुद्धा. अँकर भलत्याच उंचीवर दिसले तर आधी हेच तपासा.

तपासणी फॉन्ट जनरेट करून लिबरऑफिसमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये करा. टेस्टला गावांची नावं मस्त चालतात. खंडाळा लिहिलं की ख वरचा अँकर कळतो. कुंडल लिहा, त्यात क ला खालून उकार आणि वरून अनुस्वार, दोन्ही क्लास एकदम तपासले जातात. आणि सांगली लिहून बघाच, कारण तिथला अनुस्वार स वर नसतोच, तो कान्यावर असतो. व्यंजनांना सगळीकडे अँकर पेस्ट केले आणि कान्याचा ग्लिफ सिलेक्शनमधून राहिला तर आपल्याच गावाच्या नावावरचं टिंब हवेत लटकतं. कान्याच्या ग्लिफ इन्फोमध्ये ओटी (ओपनटाइप) ग्लिफ क्लास बेस आहे का तेही बघा, मार्क असेल तर अँकर ठेवूनही उपयोग होत नाही. तीच गोष्ट कवठेमहांकाळची.