रील बघून खरा विंडसर्फर ओळखायचा कसा

इन्स्टावर रील येते, एक जण विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवरून, शिडासकट हवेत दोन कोलांट्या मारतो, आपण लाइक ठोकतो, फॉलोही करतो, आणि मग कळतं की भाऊ स्पर्धेत उतरतच नाहीत, नुसते क्लिप टाकतात. त्यात वाईट काही नाही म्हणा, पण स्पर्धेतला खेळाडू शोधायचा असेल तर फॉलोअर्सचा आकडा जरा बाजूला ठेवा.

आधी शीड बघा, चेहरा नंतर. शिडावर देशाची अक्षरं आणि नंबर असतो, लांबून तेवढंच ओळखू येतं. यूएस-1111 म्हणजे रॉबी नॅश, जो 1976 ला 13 वर्षांचा असताना वर्ल्ड चॅम्पियन झाला. जी-44 म्हणजे जर्मनीचा फिलिप कोस्टर. ई-63 आणि ई-64 या स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावरच्या मोरेनो जुळ्या बहिणी. आपल्या गोव्याची कात्या कोएल्हो उतरते तेव्हा शिडावर आयएनडी असतं.

मग लँडिंग बघा. क्लिप हवेतच कट झाली असेल तर सोडून द्या. डबल लूप मारून बोर्ड पाण्यावर टेकला, शीड परत वाऱ्यात भरलं आणि गडी तसाच पुढे निघाला तरच ती उडी.

प्रकार कुठला ते बघा. वेव्ह (लाटांवरची स्वारी आणि उड्या) आणि फ्रीस्टाइल (पाण्यावरच्या कसरती) रीलवर जाम चालतात. ऑलिम्पिकची आयक्यूफॉइल रेस मात्र मोबाइलवर कंटाळवाणी दिसते, बोर्ड फॉइलवर (बोर्डखालच्या पंखावर) पाण्याच्या वर उचललेला आणि खेळाडू वारा कमी पडला की शीड खेचून खेचून पंपिंग करतोय, दंडाची वाट लागते पण व्ह्यूज येत नाहीत. अरुबाची सारा-क्विटा ऑफ्रिंगा फ्रीस्टाइल, स्लॅलम (वळणं घेत वेगाची रेस), वेव्ह तिन्हीत चॅम्पियन झालीय, अशी माणसं विरळाच, तिला डोळे झाकून फॉलो करा.

व्हायरल झालं म्हणून मत बनवू नका, निकाल उघडून बघा. 2024 च्या ऑलिम्पिकला फ्रान्सच्या मार्सेयमध्ये ब्रिटनची एमा विल्सन सुरुवातीच्या रेसेसमध्ये सगळ्यांच्या कितीतरी पुढे होती, थेट फायनलला गेली, पण तिथे तिघींची एकच रेस आणि आधीची आघाडी शून्य, त्यामुळे ब्राँझवर आली (गोल्ड इटलीच्या मार्टा माज्जेत्तीला). वर वाऱ्यानेही रडवलं, फायनल एक दिवस पुढे ढकलावी लागली. नंतर एमा फायनलच्या या फॉरमॅटवर चिडून जे बोलली ते सगळीकडे फिरलं. नुसती ती क्लिप बघितली तर रडी वाटेल, सगळ्या रेसेसचे निकाल बघितले की तिचा राग पटतो. मला तर शंभर टक्के पटला.

शेवटी लाइव्ह बघा. पीडब्ल्यूए टूरचं (विंडसर्फिंगची प्रोफेशनल वर्ल्ड टूर) ग्रान कनारियातल्या पोझोचं इव्हेंट साधारण जुलैत असतं, यूट्यूबवर शोधा. तिकडे सकाळचे 11 म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. वारा नसला तर तासन्‌तास रिकामा समुद्रच दाखवतात, तेवढी तयारी ठेवा.