ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: ताटातले काय बदलावे, काय तसेच ठेवावे

ब्रिटनमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबे खाण्यापिण्याची चिंता करतात, पण ती बहुतेकदा नको त्या गोष्टींची असते. ज्वारीचे पीठ कुठे मिळेल आणि मेथीची जुडी ताजी असेल का, हे प्रश्न साउथॉल, वेम्ब्ली किंवा लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर एक चक्कर मारली की सुटतात. वरण-भात, पोळी-भाजी, उसळ आणि ताक हे जेवण इथेही तितकेच चांगले आहे. ते सोडून सँडविचवर दिवस काढण्याचे काहीच कारण नाही. खरे लक्ष द्यायचे ते ड जीवनसत्त्व, आयोडिन आणि ब-१२ यांच्याकडे.

ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथले ऊन इतके तिरपे असते की, अंगावर घेतले तरी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. सावळ्या त्वचेला ते तयार करण्यासाठी उन्हाळ्यातही जास्त वेळ ऊन घ्यावे लागते. म्हणूनच इथली सरकारी आरोग्यसेवा सर्वांना थंडीत, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर, रोज १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ४०० युनिटची गोळी घेण्याचा विचार करायला सांगते. भारतातही ही कमतरता पुष्कळ आढळते, तेव्हा येताना शरीरातला साठा भरलेला असेल असे गृहीत धरू नये. अनेक जण गावाहून ६०,००० युनिटच्या पुड्या आणतात. त्या उपचारासाठी असतात आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. शाकाहारी मंडळींनी डबीवरील घटक वाचावेत, कारण मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि नेहमीचे ड-३ (गोळ्यांतला ड जीवनसत्त्वाचा प्रकार) मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनवतात. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेले ड-३ वेगळे मिळते. मासे खाणाऱ्यांचे थोडे सोपे आहे. डब्यातील तारली कांदा-टोमॅटोवर परतून वर दोन आमसुले टाकली की भाकरीबरोबर छान लागते आणि त्यातून ड जीवनसत्त्वही मिळते. डब्यातील ट्यूना मात्र तेलकट माशांत धरला जात नाही.

आयोडिनची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. भारतात खाण्याच्या मिठात आयोडिन घालणे बंधनकारक आहे. इथल्या सुपरमार्केटमधील साध्या मिठात ते सहसा नसते. इथे लोकांना आयोडिन प्रामुख्याने गाईच्या दुधातून आणि हॅडॉक, कॉडसारख्या माशांतून मिळते. त्यामुळे हौसेने ओट किंवा बदामाच्या पेयाकडे वळणाऱ्यांनी खोक्याच्या मागची यादी पाहून आयोडिन, कॅल्शियम आणि ब-१२ घातले आहे का, याची खात्री करावी. सेंद्रिय म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या पेयांत बहुधा यांतले काहीच नसते. भारतीय दुकानात आयोडिनयुक्त मीठ मिळते, ते जरूर आणावे. पण पापड, लोणचे आणि फरसाण धरून दिवसाचे एकूण मीठ ६ ग्रॅमच्या आत राहायला हवे.

लोहासाठी इथला केल हा पाला आपलासा करावा, असे माझे मत आहे. दांडे काढून तो बारीक चिरावा, लसणाच्या फोडणीत मूगडाळीबरोबर शिजवावा आणि उतरवल्यावर लिंबू पिळावे. पालकातील ऑक्झलेट या घटकामुळे त्यातले कॅल्शियम शरीराला कमी लागू होते. केलमध्ये ही अडचण फारशी नाही आणि लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करते. जेवणाला लागूनच चहा घेतला, तर मात्र हा फायदा बराचसा वाया जातो, तासभर थांबावे. पाळी येणाऱ्या वयातील स्त्रियांना इथल्या निकषांप्रमाणे रोज १४.८ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषांना ८.७, त्यामुळे हा तासभराचा संयम घरातील स्त्रियांच्या अधिक कामाचा आहे. कॅल्शियमसाठी नाचणी आहेच: १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढांच्या रोजच्या ७०० मिलिग्रॅमच्या गरजेच्या निम्मे.

ब-१२ डाळी-भाज्यांतून मिळत नाही. दूध, दही, चीज आणि अंडी खाणाऱ्यांचे साधारणपणे भागते. दूधदुभतेही वर्ज्य असणाऱ्यांनी ब-१२ घातलेली सीरियल किंवा गोळी नियमित घ्यावी. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ब-१२ घटू शकते, तेव्हा आई-वडील सोबत राहायला आले असतील आणि हातापायांना मुंग्या येत असल्याची तक्रार करत असतील, तर ती वयावर ढकलू नये. डॉक्टरांकडे रक्ततपासणीची विनंती करावी आणि आई-वडील शाकाहारी असतील, तर तेही आवर्जून सांगावे.