दहावीची भूमिती: आधी आकृती, मग सूत्र

राज्य मंडळाच्या दहावीला गणित भाग २, म्हणजे भूमिती, ४० गुणांची असते आणि वेळ दोन तास. धडे सातच: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. तरीही बीजगणितात चांगले गुण घेणारी मुलं इथे अडखळतात. सूत्रं पाठ असतात, पण आकृती काढलेली नसते, किंवा घाईत कशीतरी काढलेली असते. बीजगणितात उत्तराचा ताळा घेता येतो. भूमितीत आकृती चुकली की पुढची आकडेमोड कितीही बरोबर असली तरी वाया जाते.

सुरुवात समरूपतेपासून करा आणि या धड्याला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ द्या. पायथागोरसची सिद्धता, वर्तुळातलं छेदणाऱ्या जीवांचं प्रमेय, समरूप त्रिकोणाची रचना, इतकंच काय त्रिकोणमितीतली गुणोत्तरंसुद्धा यावरच उभी आहेत.

एक उदाहरण करून पाहा. त्रिकोण एबीसीमध्ये रेख डीई ही बाजू बीसीला समांतर आहे. डी हा बिंदू एबीवर, ई एसीवर. एडी = ३, डीबी = ५, बीसी = १६. डीई किती? बरीच मुलं ३/५ ला १६ ने गुणून ९.६ लिहितात. उत्तर ६ आहे. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाने ३ : ५ हे गुणोत्तर मिळतं ते एई आणि ईसी यांचं. डीई आणि बीसी या मात्र लहान आणि मोठ्या त्रिकोणाच्या संगत बाजू आहेत, म्हणून तिथे एडी/एबी, म्हणजे ३/८ घ्यायचं. ही चूक टाळायला दोन्ही त्रिकोण वेगवेगळे, शेजारी शेजारी काढा. एकात एक अडकलेले त्रिकोण नुसत्या डोळ्यांनी सोडवू नका.

आता तीच आकृती, पण समांतरता दिलेली नाही; त्याऐवजी कोन एडीई = कोन एसीबी दिलाय. आता एकास एक संगती, म्हणजे कोणता शिरोबिंदू कोणत्याशी जुळतो ते, बदलली: त्रिकोण एडीई हा त्रिकोण एसीबीशी समरूप, म्हणून एडी/एसी = एई/एबी. अक्षरांचा क्रम नीट लिहिला की गुणोत्तरं त्या क्रमावरूनच उतरवता येतात, आकृतीकडे परत बघावंही लागत नाही. क्षेत्रफळांचं गुणोत्तर विचारलं असेल तर बाजूंच्या गुणोत्तराचा वर्ग. हा वर्ग विसरणं ही दर वर्षीची गोष्ट.

प्रमेयं कवितेसारखी पाठ करू नका. पुस्तक मिटा, आकृती काढा, तीही आडवी-तिरकी फिरवून आणि अक्षरं बदलून. मग पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने लिहा. आकृतीशिवाय सिद्धता ग्राह्य नाही, हे प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनांतच असतं. प्रत्येक विधानापुढे कंसात कारण हवं. कृतीच्या, म्हणजे अर्धवट दिलेलं उत्तर पूर्ण करायच्या, प्रश्नांत रिकाम्या चौकटी बहुधा याच कारणांच्या असतात, त्यामुळे ‘आंतरलिखित कोनाचे प्रमेय’, ‘स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय’ ही नावं तोंडात बसलेली असू द्या.

रचना हा हुकमी गुणांचा धडा, पण हाताला सवय लागते. समजा केंद्र ओ आणि त्रिज्या ३.३ सेमी असलेल्या वर्तुळाला केंद्रापासून ६.५ सेमी अंतरावरच्या पी या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या आहेत. वर्तुळ काढा, रेख ओपी काढा. कंपासमध्ये ओपीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे साधारण ४ सेमी अंतर घेऊन दोन्ही टोकांकडून वर आणि खाली कंस मारा. कंसांचे छेदनबिंदू जोडले की ओपीचा मध्यबिंदू एम मिळाला. एम केंद्र आणि एमओ त्रिज्या घेऊन मारलेले कंस वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतील. ते बिंदू पीशी जोडा. झाल्या स्पर्शिका. आता पट्टीने मोजा: दोन्ही ५.६ सेमी भरल्या पाहिजेत, कारण स्पर्शबिंदूपाशी काटकोन असल्याने पायथागोरस लागू पडतो: ६.५ चा वर्ग ४२.२५, ३.३ चा वर्ग १०.८९, वजाबाकी ३१.३६ आणि तिचं वर्गमूळ ५.६.

मिलिमीटरभर फरक चालतो. त्याहून जास्त आला तर बहुतेक वेळा कंपासचा स्क्रू ढिला असतो किंवा पेन्सिल बोथट असते. काही जण वर्तुळाला पट्टी टेकवून अंदाजे रेघ ओढतात. आकृती छान दिसते, पण रचनेच्या खुणाच नसल्यामुळे गुण जातात. कंस कधीही खोडू नका. आणि ‘केंद्राचा उपयोग न करता’ हे शब्द प्रश्नात असतील तर त्रिज्येला लंब काढून भागत नाही. तिथे जीवा काढून, स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयावरून कोन उतरवून घ्यावा लागतो.

महत्त्वमापनात सूत्रं बरीच असल्याने गोंधळ उडतो. शंकुछेदाच्या, म्हणजे टोक कापलेल्या शंकूच्या, आकाराची बादली घ्या: उंची २४ सेमी, त्रिज्या १४ आणि ७ सेमी. तिरकस उंची २५ येते, पण ती फक्त पृष्ठफळासाठी. घनफळात लंब उंची २४ च घालायची: १/३ × २२/७ × २४ × (१९६ + ४९ + ९८) = ८६२४ घसेमी, म्हणजे ८.६२४ लीटर. व्यास दिला असेल तर तो आधी निम्मा करून आकृतीवर लिहून ठेवा. पाय (π) ची किंमत २२/७ घ्यायची की ३.१४, हे प्रश्नात दिलं असेल तसंच घ्या. कॅल्क्युलेटर नाही, म्हणून गुणाकार करत सुटण्याआधी छेद द्या.

निर्देशक भूमितीत कच्ची आकृती काढली की चिन्हाची चूक लगेच दिसते. त्रिकोणमितीत नित्यसमानता सिद्ध करताना एकच बाजू धरून दुसरीपर्यंत जा, आणि काहीच सुचेना तर सगळं साइन-कॉसमध्ये लिहून टाका. अवनत कोन नजरेच्या आडव्या रेषेपासून खाली मोजतात, उभ्या मनोऱ्यापासून नव्हे.

शेवटच्या महिन्यात आठवड्याला दोन पेपर घड्याळ लावून सोडवा. १२० मिनिटांत ४० गुण, म्हणजे गुणाला ३ मिनिटं. पहिला प्रश्न ८ गुणांचा, १५ मिनिटांत; दुसरा १२ गुणांचा, ३०; तिसरा ९ गुणांचा, २५; चौथा ८ गुणांचा, ३०; पाचवा ३ गुणांचा, १०. उरतात १० मिनिटं. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोनच सोडवायचे असतात, त्यामुळे तिन्ही वाचल्याशिवाय पेन टेकवू नका. पाचवा प्रश्न बहुधा पुस्तकाबाहेरचा वाटतो; तो शेवटी ठेवा, पण सोडू नका, निदान आकृती आणि पहिली पायरी लिहा.

पेपर तपासल्यावर चुकांची वेगळी वही करा. ‘सिली मिस्टेक’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. ‘व्यास निम्मा केला नाही’, ‘संगती उलटी लिहिली’ असं नेमकं लिहा. चार पेपरांनंतर त्याच त्या दोन-तीन नोंदी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. पाचव्या पेपरला बसण्याआधी तेवढ्याच प्रकारची दहा उदाहरणं सोडवा.

उरलेल्या १० मिनिटांत तीन गोष्टी बघा: क्षेत्रफळापुढे चौसेमी आणि घनफळापुढे घसेमी आहे का, बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर लिहिलंय का, उपप्रश्नांचे क्रमांक बरोबर आहेत का. बहुपर्यायीत मात्र खाडाखोड करून दुसरं उत्तर लिहू नका, तिथे पहिलाच प्रयत्न तपासला जातो.