पी-०४२० कोड आला म्हणून कॅट बदलायला घेऊ नका

पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी-०४२० दाखवतो आणि नव्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (म्हणजे कॅटचं, एक्झॉस्टमधला विषारी धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचं) कोटेशन हातात पडतं. कोड फक्त एवढंच म्हणतो, की कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. का, ते आपणच शोधायचं.

त्याआधीची चूक म्हणजे स्कॅनर जोडल्याजोडल्या 'क्लिअर' दाबणं. कोड पडला तेव्हाचा वेग, तापमान, इंजिनवरचा लोड हे सगळं फ्रीझ फ्रेममध्ये असतं आणि क्लिअर केलं की तेही पुसलं जातं. आधी फोटो काढून ठेवा.

मग इंजिन पूर्ण गरम करून २,५०० आरपीएमवर धरा आणि कॅटच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ऑक्सिजन (ओ-टू) सेन्सरचे आलेख स्कॅनरवर बघा. पुढचा (इंजिनकडचा) सेन्सर नॅरोबँड, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगणारा असेल, तर तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत असला, तर कॅट जिवंत आहे. तोही पुढच्यासारखा नाचत असेल तर कॅटवर संशय घ्या, पण निकाल लगेच देऊ नका. सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, जोडातलं गॅस्केट फुटलेलं असलं, तरी रीडिंग फसतं. एक्झॉस्टमधला दाब धक्क्याधक्क्याने खाली जातो, तेव्हा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेलं वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. थंड इंजिन सुरू करताच मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या पाइपांच्या) जोडाशी टिकटिक ऐकू येते का, काळी काजळी दिसते का, ते बघा.

लीनच्या कोडवर (पी-०१७१) सरळ ओ-टू सेन्सर बदलणं हा तर पैशांचा चुराडा. बिचारा सेन्सर बहुधा खरंच सांगत असतो! फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला +२० टक्के आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल, तर इनटेकचा (इंजिनात हवा घेणाऱ्या भागाचा) एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलेला असतो. उलट लोडवर वाढत असेल, तर फ्युएल प्रेशर किंवा मळलेला एअर-फ्लो सेन्सर तपासा.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. मिसिंगमुळे (एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा जळण चुकल्यामुळे) न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. प्लग-कॉइल न बघता बसवलेला नवा कॅटही तसाच जातो.

सेन्सर खरोखर बदलायचाच असेल, तर आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट फक्त आट्यांनाच लावा, टोकाला नको. आणि जवळपास साधा सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेने नवा सेन्सरही निकामी होतो.